तुमचा आरसा, शनीची कडी

अप्पा,

तुम्हाला माती देऊन आज अकरा दिवस झाले. मठामागच्या त्या जागेवरची माती अजून बसलेली नाही. भेटायला येणारी माणसं आता कमी झालीत. जो येतो तो एकच सांगतो, की मुरूडच्या आसपास ज्याच्या ज्याच्या नाकावर चष्मा आहे तो तुमच्या हातचा आहे, आणि ज्याच्या मनगटावर घड्याळ आहे ते तुम्ही एकदा तरी उघडलेलं आहे. खरं आहे ते. मी मान हलवते, चहा देते. पण तुमचं माझं जे काही होतं ते त्या बोलण्यात कुठे येत नाही. सून आणि सासरा अकरा वर्षं शनीच्या कड्यांवरून भांडत होते, हे कुणाला सांगायचं? ऐकणाऱ्याला वाटेल, दुःखानं बाईचं डोकं फिरलं. म्हणून तुम्हालाच लिहिते आहे.

तुम्ही मला बघायला हदगावला आलात तो दिवस मला अजून लख्ख आठवतो. त्याआधी चार स्थळं मला नाकारून गेली होती. एक तर चष्मा, त्यात बी.एस्सी. पाचवे तुम्ही. मी पोह्यांच्या बशा ठेवून बसले, आणि तुम्ही पहिलंच वाक्य बोललात, "चष्मा काढ बघू, पोरी." माझ्या वडिलांचा चेहरा पडला. मी चष्मा काढून दिला. तुम्ही तो उजेडाकडं धरला, उपरण्याच्या टोकानं पुसला, एक काडी जराशी वाकवली.

"ह्या काचा बसवणाऱ्यानं मधला बिंदू चुकवलाय," तुम्ही म्हणालात. "डोकं दुखत असंल तुझं."

"दुखतं," मी म्हटलं.

"बघा," तुम्ही अव्वांकडं, माझ्या होणाऱ्या सासूबाईंकडं, वळून म्हणालात, जणू त्या एवढ्यासाठीच हदगावला आल्या होत्या. मग मला म्हणालात, "तुला काय इचारायचं असंल तर इचार."

मी सगळा धीर गोळा करून म्हटलं, "मला पुढं शिकायचंय. एम.एस्सी. औरंगाबादला."

"शिक की," तुम्ही म्हणालात. "आमच्या घरात काचेच्या नंबरापलीकडं कुणाला काय ठाऊक न्हाई. एक जण तरी असू दे."

त्या 'शिक की'वर मी लग्नाला हो म्हटलं, अप्पा. तुमचा मुलगा तेव्हा मी धड पाहिलासुद्धा नव्हता.

पुढच्याच वर्षी बहात्तरचा दुष्काळ आला. घरची विहीर आटली. गावातल्या उरलेल्या एका विहिरीवर पायऱ्या उतरताना अव्वा पडल्या आणि कमरेनं चार महिने खाटेला खिळल्या. घागरी माझ्याकडं आल्या. पहाटे रांगेत उभं राहायचं, दोन घागरींसाठी ऊन डोक्यावर येईपर्यंत थांबायचं, परत यायचं आणि पुन्हा जायचं. औरंगाबादचा अर्ज माझ्या पेटीत साड्यांच्या खाली होता. मुदत संपायला चार दिवस राहिले तेव्हा तो घेऊन मी तुमच्या चष्म्या-घड्याळांच्या दुकानात आले. तुमच्या उजव्या डोळ्यात घड्याळं दुरुस्त करायचं ते काळं भिंग होतं, हातात कुणाचं तरी उघडलेलं घड्याळ. तुम्ही भिंग काढलं नाही. अर्ज मात्र पाहिलात.

"घरात पाणी भरायला कोण हाय, मंगल?"

एवढंच बोललात. रागानं नाही, अगदी हळू. खरंच कोणी नव्हतं. मी अर्ज घेऊन घरी आले आणि रिकामी घागर उचलली. पुढच्या वर्षी मी विचारलं नाही आणि तुम्हीही विषय काढला नाही. मग मुलं झाली.

आपल्या भांडणाची सुरुवात त्याच उन्हाळ्यातली. गावात सगळे म्हणायचे की शनी रोहिणीत शिरलाय, म्हणून पाऊस पळाला. मठातल्या स्वामींनी पंचांगात पाहून सांगितलं होतं. अव्वा खाटेवरून दर शनिवारी तेल पाठवायच्या. एका संध्याकाळी तुम्ही जेवत होतात, मी भाकरी वाढत होते, आणि अव्वांनी पुन्हा शनीचं नाव काढलं. माझे हात दोरीनं सोललेले होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "शनी कशाला कुणाचं पाणी अडवतो? त्याच्याभोवती जी कडी आहेत ती बर्फाचीच आहेत बहुतेक."

तुम्ही घास खाली ठेवलात. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार.

"तू बघितलीस?"

"नांदेडला कॉलेजात होते तेव्हा. आमच्या सरांनी दुर्बिणीतून दाखवली होती. बर्फाचं आहे असं त्यांनी नुकतंच वाचलं होतं."

"बर्फ म्हंजे पाणीच की."

"हाव."

"अन् आपण हितं घागरी घिऊन उभं राहून राहिलो." तुम्ही हसला नाहीत. ताटाकडं बघत विचारलंत, "पण तिथं ते आलं कसं?"

त्या घरात लग्नानंतर मला कुणी विचारलेला तो पहिला प्रश्न होता ज्याचं उत्तर स्वयंपाकघरात नव्हतं.

मी सांगितलं, एक चंद्र शनीच्या फार जवळ गेला असणार. शनीची ओढ चंद्राच्या जवळच्या बाजूला जास्त बसते, लांबच्या बाजूला कमी. जितकं जवळ जावं तितका हा फरक वाढतो. शेवटी चंद्र ओढाताणीत फुटतो, आणि तुकडे फिरत फिरत पसरून त्यांचं कडं होतं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि हात धुवायला उठलात. मला वाटलं, विषय संपला.

दुसऱ्या दिवशी दुकानातून येताना तुम्ही उपरण्यात दोन दगड बांधून आणलेत. एक दुष्काळी कामावरची खडी, रस्त्यासाठी बायका-माणसं दिवसभर फोडत बसायची त्यातली. दुसरा नदीच्या कोरड्या पात्रातला गोटा. दोन्ही माझ्यापुढं ठेवलेत.

"फोडलेल्याला धार असती," तुम्ही म्हणालात. "तुझ्या कड्यातलं दगड धारेचं हाईत का गोल?"

"इतक्या लांबून तुकडे वेगळे दिसत नाहीत, अप्पा."

"मग फुटला कशावरून म्हणतीस? चंद्र व्हायचा आसंल अन् झालाच नसंल."

मोठमोठ्या शास्त्रज्ञांतही नेमका हाच वाद होता, आणि तो मी तुम्हाला सांगितला नव्हता. जी ओढ जवळ आलेल्या चंद्राला फोडते तीच ओढ तिथल्या तुकड्यांना एकत्रही येऊ देत नाही. म्हणजे ते तुकडे सुरुवातीपासून तसेच सुटे राहिलेले असू शकतात. मी ते कबूल केलं तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते मी नंतर फक्त एखादं बंद पडलेलं घड्याळ टिकटिकायला लागल्यावर पाहिलं.

मग मी तुम्हाला त्याच्यामागची मोठी गोष्ट सांगितली. ती सांगायला मला तीन संध्याकाळी लागल्या, कारण मध्येच पाण्याला जावं लागायचं. सूर्य नवा होता तेव्हा त्याच्याही भोवती असंच पसरट कडं होतं, धुळीचं, वायूचं, बर्फाचं. कण एकमेकांवर आपटायचे, वर-खाली जाणारे आपटून आपटून एका पातळीत यायचे, म्हणून ते चपटं झालं. मग कण कणाला चिकटला, खडा खड्याला, आणि त्यातून ग्रह झाले. आपली पृथ्वी त्यातलीच. ते सगळं आता संपलंय. बघायला कुणीच नव्हतं.

"अन् शनीपाशी ते अजून चालूय," तुम्ही म्हणालात.

"ग्रह होण्यापर्यंत नाही जात तिथं. पण कण कसे आपटतात, कसे चपटे पसरतात, मध्ये फिरणारा छोटा चंद्र त्यांच्यातून वाट कशी काढतो, हे सगळं तिथं बघता येईल. सूर्याभोवती काय झालं असेल त्याचा अंदाज त्यावरूनच करायचा."

तुम्ही बोटानं झाकण लावल्यासारखं केलंत. "घड्याळाचं झाकण लावलं की आतलं काय दिसत न्हाई. हे एक झाकण लावायचं राहिलंय म्हण."

मी आता शाळेत मुलींना सूर्यमाला शिकवते तेव्हा तुमचं हे वाक्य वापरते. तुमचं आहे असं सांगत नाही. सांगायला हवं.

पाऊस परतला, विहिरीला पाणी आलं, अव्वा काठी टेकत का होईना चालायला लागल्या. भांडण मात्र सुरूच राहिलं. मी म्हणायची, कडी इतकी स्वच्छ पांढरी कशी? सूर्याइतकी जुनी असती तर एवढ्या काळात धूळ बसून मळली नसती का? तुम्ही म्हणायचात, कशावरून मळत न्हाईत, कशावरून आपटून आपटून आतला नवा बर्फ वर येत न्हाई? हे तुम्ही काचा घासता घासता म्हणायचात, गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना, आणि गिऱ्हाईक बिचारं आपला चष्मा मळका आहे असं समजून खिशातला रुमाल काढायचं.

मग एक दिवस रेडिओवर बातमी आली की युरेनसलाही कडी सापडली. तुम्ही दुकान उघडं टाकून घरी आलात, थेट चुलीपाशी.

"मंगल, एकाचा चंद्र फुटला, कबूल. दुसऱ्याचाबी फुटला?"

दोन वर्षांनी गुरूलाही कडं निघालं, तेव्हा तुम्ही नुसती तीन बोटं दाखवलीत आणि परत गेलात. मी नंतर दुकानात येऊन सांगितलं की ती दोन्ही कडी काळपट आहेत, सुतासारखी बारीक आहेत, शनीच्यासारखी नाहीत. प्रत्येकाचा इतिहास वेगळा असू शकतो. "आसंल," तुम्ही म्हणालात, "पण तिघांच्याबी घरी चंद्र व्हायचा राहिलाय, एवढं खरं." तो डाव तुमचा होता. मी तेव्हा कबूल केलं नाही, आज करते.

युरेनसच्या बातमीनंतर तुम्ही काचा आणायला हैदराबादला गेलात आणि येताना धोतरात गुंडाळून दोन जाडजूड गोल काचा घेऊन आलात. सोबत रस्त्यावर मिळालेलं एक जुनं इंग्रजी पुस्तक, दुर्बीण घरी कशी करावी याचं. पुस्तक माझ्या हातात दिलंत. "तू वाच अन् मला सांग. घासायचं माझ्याकडं." ओसरीत डांबराचा रिकामा पिंप उभा केलात, त्यावर एक काच बसवलीत, दुसरी तिच्यावर. मध्ये घासायची भुकटी आणि थोडं पाणी. वरची काच पुढं-मागं सरकवायची आणि पिंपाभोवती हळूहळू फिरत राहायचं. असं महिनोन् महिने केलं की वरची काच आपोआप खोलगट होत जाते, तोच दुर्बिणीचा आरसा. रोज दुकान बंद केल्यावर दिवेलागणीपर्यंत तुम्ही त्या पिंपाभोवती फिरायचात आणि मी पायरीवर बसून पुढचं पान वाचून दाखवायची. भुकटी बदलली की सगळं धुवून काढावं लागे. अव्वा आतून म्हणायच्या, "पाणी झालं म्हणून सांडायचंच का आता?" तुम्ही थांबून माझ्याकडं बघायचात. मग पुन्हा घासायला लागायचात.

दोन वर्षं, अप्पा. तो आरसा कुणासाठी आहे हे तुम्ही कधी बोलला नाहीत. 'घरात पाणी भरायला कोण हाय' या वाक्याची ती भरपाई होती का, हे मीही कधी विचारलं नाही. विचारलं असतं आणि तुम्ही हो म्हणाला असतात, तर मला सांगावं लागलं असतं की भरपाई होत नाही. आणि तुम्ही नाही म्हणाला असतात तर मला त्याहून वाईट वाटलं असतं. म्हणून मी पान उलटायची आणि वाचायची.

आरशाला चांदी चढवून आणली, पत्र्याच्या माणसाकडून नळी करून घेतली, आणि शिमग्याच्या सुमारास एका संध्याकाळी आपण ती घरावरच्या माळवदावर चढवली. आधी गुरू पाहिला. त्याचे चार चंद्र टाचणीच्या टोकासारखे स्वच्छ. तुम्ही बाजूला झालात तेव्हा तुमचे डोळे भरलेले होते. मग आपण नळी शनीकडं वळवली. तुम्ही वाकलात आणि वाकलेलेच राहिलात.

"कडं कुठाय?"

मी पाहिलं. पिवळसर गोळा होता, गोल गरगरीत, आणि त्याला काही म्हणजे काही नव्हतं.

मला आठवायला थोडा वेळ लागला. शनी तिरका फिरतो. दर चौदा-पंधरा वर्षांनी त्याची कडी आपल्याला अगदी कडेनं दिसतात, आणि ती इतकी पातळ आहेत की कडेनं पाहिली तर दिसतच नाहीत. नेमकं तेच वर्ष आपल्या वाट्याला आलं होतं. मी खाली पळत जाऊन ताट आणलं, तुमच्या डोळ्यांसमोर आडवं धरलं. "बघा, आता ताटाची नुसती रेघ दिसते. वर्षा-दोन वर्षांत पुन्हा उघडेल."

तुम्ही ताटाकडं पाहिलंत, माझ्याकडं पाहिलंत. "तू माझं मन राखून राहिलीस," म्हणालात. "आरसा बिघडलाय."

"गुरूचे चंद्र नीट दिसले की!"

"ते ठिपकेच. ठिपके कशातूनबी दिसतील."

मी उन्हाळ्यात हदगावला माहेरी गेले. परत आले तर आरशाची चांदी उतरवलेली, आणि तुम्ही ओसरीत पिंपाभोवती फिरत होतात. पुन्हा पहिल्यापासून. मी पिशवी खाली ठेवली आणि आयुष्यात पहिल्यांदा तुमच्यावर ओरडले. "माझ्यावर विश्वास ठेवायचाच नव्हता तर मला वाचायला का लावलंत? मी काय शिकले होते ते खरं नव्हतं का?" शेजारच्या बायका दारात आल्या. अव्वांनी मला आत ओढलं. आठ दिवस आपण बोललो नाही, आणि शनीवर तर दिवाळीपर्यंत नाही. तो राग आरशाचा नव्हता हे मला तेव्हाच कळलं होतं. तुम्हालाही कळलं असावं.

दिवाळी नुकतीच झाली होती तेव्हा अमेरिकेचं यान शनीजवळून गेलं. पेपरात फोटो आला. तुम्ही पेपर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिलात आणि म्हणालात, "तुझंच खरं होतं. कडं हाय जागेवर." मी हात पुसून आले. एक-दोन कडी नव्हती, शेकडो होती, जात्याच्या पाळीवरच्या रेघांसारखी एकाशेजारी एक. एका बारीक कड्याच्या दोन्ही अंगांना दोन छोटे चंद्र मेंढरं राखावीत तसे फिरतात, असंही लिहिलं होतं. तुम्ही डोळ्यात भिंग घातलंत आणि फोटोवर वाकलात.

"ह्यात तर नुसतं ठिपकं हाईत की गं. जवळून कायच न्हाई. सगळं सुटं सुटं."

"पेपरातला फोटो ठिपक्यांचाच असतो, अप्पा." आणि मग माझ्या लक्षात आलं. "कडीही तशीच आहेत. लांबून अख्खी दिसतात. जवळ गेलं तर एकेक तुकडा सुटा फिरतोय."

तुम्ही भिंग काढून मला दिलंत. दुकानातलं ते भिंग तुम्ही कुणाला हात लावू द्यायचा नाहीत. आपण दोघं आळीपाळीनं तो फोटो बघत बसलो, भात करपला, आणि शनीवरचं बोलणं पुन्हा सुरू झालं.

पण मी तेव्हा एक गोष्ट पाहिली आणि मनावर घेतली नाही. तुम्ही पेपर सारखा सरळ डोळ्यांसमोर धरत होतात, मान वळवून वळवून. काही महिन्यांनी एका गिऱ्हाइकाची डाव्या डोळ्याची काच तुम्ही उजवीकडं बसवलीत. मग सोलापूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेलो. काचबिंदू. बाजूची नजर आधी जाते, माणसाला पत्ता लागत नाही, आणि गेलेली परत येत नाही. येताना एस.टी.त तुम्ही म्हणालात, "आख्ख्या गावाचं डोळं तपासलं अन् माझंच राहिलं बघ," आणि खिडकीबाहेर बघत राहिलात. किती दिसत होतं तुम्हाला त्या खिडकीतून, कोण जाणे. आरसा दुसऱ्यांदा घासत होतात तेव्हाच ही नजर जायला लागली असणार.

गेल्या ऑगस्टात लातूर जिल्हा झाला. मुरूडच्या बाजारात पहिली पाटी तुम्ही बदलून घेतलीत. 'जिल्हा उस्मानाबाद' पुसून 'जिल्हा लातूर'. रंगारी गेल्यावर मला म्हणालात, "वाच." मी वाचलं. "पुन्हा वाच." तुमच्या मुलाची कारकुनी नव्या कलेक्टर कचेरीत आली, आपण लातूरला खोल्या बघितल्या, आणि तिथल्या मुलींच्या शाळेत मला विज्ञान शिकवायला घेतलं. मी तुम्हाला विचारायला आले, दुकानातच. तेव्हा तुमच्या डोळ्यात भिंग नव्हतं, त्याचा उपयोग संपला होता.

"अव्वांना आणि तुम्हाला इथं सोडून जायचं म्हणजे..." मी सुरुवात केली.

"जा," तुम्ही म्हणालात. "आता नळाला पाणी हाय."

एप्रिलात परीक्षा संपल्यावर आम्ही मुरूडला आलो. शनी पूर्वेला चित्रेच्या शेजारी आला होता आणि कडी चांगली उघडली होती. तुमच्या मुलानं आणि मी, पुन्हा चांदी चढवलेला आरसा बसवून, नळी वर चढवली, तुम्हाला हात धरून माळवदावर आणलं, स्टुलावर बसवलं. खाली अव्वा भाकरी थापत होत्या, थापटण्याचा आवाज वर येत होता. तुम्ही एक हात नळीवर ठेवलात.

"दिसतंय?"

"दिसतंय, अप्पा. कडं दिसतंय. गोळ्याच्या दोन्ही बाजूंना बाहेर आलंय, शनीला कुठंही न टेकता."

"न टेकता," तुम्ही म्हणालात. मग जरा पुढं वाकून विचारलंत, "दोन कड्यांच्या मधी काळी फट असती म्हणं. आरसा चांगला असला तरच दिसती. दिसती का?"

मी पुन्हा पाहिलं. डोळा ताणून पाहिलं. "दिसते," मी म्हटलं.

"मग दुसऱ्यांदा घासला ते बरं झालं."

तुमचा चेहरा इतका मोकळा झाला की मला खाली बघावं लागलं. त्यानंतर तुम्ही नळीवरून हात काढलात आणि म्हणालात, "मंगल, ते औरंगाबादचं..."

आणि मी म्हटलं, "जाऊ द्या अप्पा. लई जुनं झालं. चला, जेवायला."

तुम्ही मान हलवलीत. जिन्याशी आल्यावर सवयीनं विचारलंत, "बरं, चंद्र फुटला का झालाच न्हाई?" मी म्हटलं, अजून कुणालाच नक्की माहीत नाही. "मग तवर माझंच खरं धर," तुम्ही म्हणालात आणि पायरी चाचपत उतरलात.

तीन आठवड्यांनी सकाळी दुकानाच्या बाकावर बसल्या बसल्या तुम्ही गेलात.

अप्पा, तुम्ही बोलणार होतात आणि मी तुम्हाला बोलू दिलं नाही. सुनेनं सासऱ्याला माफी मागायला लावू नये, असं काहीतरी माझ्या मनात होतं. चांगुलपणाच्या नावाखाली मी तुमचं तोंड बंद केलं. तुम्ही बोलला असतात तर मी काय म्हटलं असतं ते आता सांगते. हो, मला लागलं होतं. अजून लागतं. शाळेत फळ्यावर एखादं समीकरण लिहिताना मध्येच वाटतं की याच्या पुढचं मला माहीत असतं. आणि हेही म्हटलं असतं की त्या घरात दुसरं कुणीही मला कधी 'तिथं ते आलं कसं' असं विचारलं नसतं. ही दोन्ही वाक्यं मला एका दमात म्हणायची होती. एक म्हणायचं आणि दुसरं गिळायचं, असं करून नाही चालत.

आणि फट दिसली नव्हती, अप्पा. कडं दिसलं, फट नाही. आरशाची कड दुसऱ्या वेळी जराशी जास्त घासली गेली होती, की त्या दिवशी हवेत धूळ होती, मला ठरवता आलं नाही. मी खोटं बोलले.

काल संध्याकाळी अव्वा माळवदावर आल्या. कमरेवर हात ठेवून, एकेक पायरी थांबत. एवढ्या वर्षांत त्या कधी दुर्बिणीपाशी आल्या नव्हत्या. "मला दाखव," म्हणाल्या. मी नळी लावून दिली. त्यांनी पदरानं डोळा पुसला आणि बराच वेळ पाहिलं.

"एवढा एवढासा हाय व्हय," त्या म्हणाल्या. "अन् ती फट कुठाय? ते खाली येऊन लई सांगत हुते, मंगलला फट दिसली म्हणून."

मी त्यांना खरं सांगितलं. त्यांनी डोळा काढला नाही. तसंच बघत म्हणाल्या, "मी उद्या जाणार हाय समाधीवर. काय सांगू? खरं का तू सांगितलं तसं?"

"खरं सांगा, अव्वा."

आज सकाळी विभूती आणि फुलं घेऊन त्या एकट्याच गेल्या. मला सोबत येऊ दिलं नाही. ऊन चढल्यावर परत आल्या, ओसरीत बसल्या, पाणी मागितलं. मी तांब्या दिला. अर्धा तांब्या पिऊन झाल्यावर म्हणाल्या, "सांगितलं फटीचं." मग पदरानं तोंड पुसून, माझ्याकडं न बघता, "अन् औरंगाबादचंबी सांगितलं. माझ्या कमरेपायी ऱ्हायलं हुतं तुझं ते."

मी त्यांना त्यातलं कधी एक अक्षर बोलले नव्हते.